शून्य ट्रिपांची सोसायटी

माझ्या कार्डावर 'वाहतूक नियोजन सल्लागार' असं छापलेलं आहे. आई मात्र लोकांना सांगते, "माझा पोरगा गाऱ्या मोजतं." गाऱ्या म्हणजे गाड्या, आमच्या आगरी बोलीत ड चा र होतो. दोन्ही खरं आहे, पण आईचं लवकर समजतं.

पनवेलात कुठे मोठा टॉवर उभा राहायचा असला की त्याआधी एक अहवाल लागतो. या इमारतीत माणसं राहायला आली की त्यांच्या गाड्यांनी आजूबाजूच्या रस्त्यांचं काय होईल, कोंडी कुठे होईल, गेट कुठे ठेवावं, हे सगळं त्यात असतं. असे अहवाल आम्ही लिहितो. आमचं ऑफिस नवीन पनवेलात एका फरसाणवाल्याच्या माळ्यावर आहे, त्यामुळे आमच्या प्रत्येक अहवालाला ओव्याचा वास येतो. मंजुरी देणाऱ्या कार्यालयातल्या एका बाईंनी मला एकदा विचारलंही होतं, की तुमचा कागद हातात घेतला की भूक का लागते.

आमचे साहेब, म्हणजे ऑफिसचे मालक, तसे सरळ गृहस्थ. फक्त त्यांच्या कामाची पद्धत अशी की अहवालातलं शेवटचं वाक्य आधी लिहायचं. 'सदर प्रकल्पाचा परिसरातील वाहतुकीवरील परिणाम नगण्य राहील.' एकदा हे लिहून झालं की मग मागे जाऊन ते सिद्ध करायचं. फी बिल्डर देतो, म्हणजे शेठ देतो, आणि शेठला नगण्य हा शब्द फार आवडतो. मी इतक्या वर्षांत इतके परिणाम नगण्य केलेत, की सकाळी सुकापूरहून ऑफिसला पोचायला मला जेवढा उशीर होतो, त्यातला बराचसा माझ्याच सहीने झालेला आहे.

असंच एकदा साहेबांनी नवा नकाशा टेबलावर पसरला आणि मला त्यात माझ्याच इमारतीची गच्ची दिसली.

आम्ही सुकापूरला राहतो. इथे आमची भातशेती होती, आता तिच्यावर चार मजली सोसायटी आहे आणि तिच्यात दुसऱ्या मजल्यावर आम्ही आहोत. लिफ्ट नाही. सोसायटीसमोर एक गल्ली. गल्लीपलीकडे एक बैठं कौलारू घर, आणि त्याला लागून एक मोकळा प्लॉट, जो पुढच्या बाजूला थेट माथेरान रोडला भिडतो. प्लॉटचं तोंड मोठ्या रस्त्याला आणि पाठ आमच्या गल्लीला. त्या प्लॉटवर टॉवर येणार होता. आणि गेट, नकाशावर लाल बाणाने दाखवलेलं, आमच्या गल्लीत.

"गेट मागच्या बाजूला कशाला?" मी विचारलं.

"पुढे दुकानं काढायचीत ना," साहेब म्हणाले. "रोडवर गेट काढलं तर दोन दुकानं जातात. शेठ काय वेडा आहे?"

शेठ वेडा नव्हता. वेड मला लागायची पाळी होती. कारण त्या बैठ्या घरात खाला राहत होती.

खालाबद्दल सांगायलाच हवं. ती कोकणी मुसलमान, माहेर उरणकडचं, नवरा जाऊन बराच काळ झालेला, मुलगा आखातात नोकरीला. आई आगरी, खाडीकाठच्या मिठागरवाल्यांची लेक. दोघींचं जमायचं तसं कारण काही नव्हतं. पण बाबा गेले आणि आईने बोलणंच टाकलं. जेवायची, देवाला दिवा लावायची, गॅलरीत बसून खाली बघायची, एवढंच. मी आणि बायको नोकरीला जायचो आणि येऊन बघायचो तर ती त्याच खुर्चीत त्याच अंगाने बसलेली असायची. मला तेव्हा घरी यायची भीती वाटायची, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग एक दिवस खालाने खालून हाक मारली. "अगो बाय, वरनं काय बघतेस? खाली ये, गहू निवडायचेत." खालाचे गुडघे दोन्ही गेलेले, तिला आमचा जिना चढणं शक्य नव्हतं. आई उतरली. संध्याकाळी परत आली ती हसत. मला वाटलं, गव्हात एवढं काय हसण्यासारखं असेल? पुढे कळलं की गहू नावापुरते. ताटात गहू पसरून ठेवायचे आणि ताटामागे रमी. पैज चिंचोक्यांची. खालाच्या मुलाला पत्ते पसंत नव्हते, त्याचा फोन आला की खाला पत्ते गव्हाखाली सरकवून म्हणायची, "काही नाही बेटा, खडे निवडते."

तेव्हापासून आई रोज जेवण झालं की गल्ली ओलांडून पलीकडे जायची. तिचं गल्ली ओलांडणं ही बघण्यासारखी गोष्ट होती. एका डोळ्याने तिला कमी दिसतं आणि गाडीचा आवाज उशिरा ऐकू येतो. यावर तिने काढलेला उपाय म्हणजे उजवा हात वर करायचा आणि कुठेही न बघता चालू लागायचं. गल्लीतले सगळे तिला ओळखत असल्यामुळे स्कूटरवाले थांबत, पाववाला सायकलवरून उतरे, रिक्षावाला हॉर्नसुद्धा न वाजवता बसून राही. टॉवर आला की त्याच गल्लीतून अनोळखी गाड्या सकाळ-संध्याकाळ सुटणार होत्या. वर केलेल्या हाताचा अर्थ त्यांना कुठून कळणार? आईला एक तर घरात कोंडून ठेवावं लागणार होतं, नाही तर एखाद्या दिवशी नको तो फोन येणार होता. मला दोन्ही नको होतं.

मी साहेबांना सांगून टाकलं, की मी तिथेच राहतो, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. साहेबांना उलट आनंद झाला. "अरे वा! म्हणजे जागेची माहिती घरचीच. आणि असं कर, तुझ्याच सोसायटीत सर्व्हे घेऊ. जवळची आहे, तशीच माणसं आहेत."

सर्व्हेचं तत्त्व सोपं आहे. नव्या टॉवरमधून रोज किती गाड्या निघतील, हे टॉवर नसताना कसं कळणार? म्हणून शेजारची, तशाच माणसांची वस्ती घ्यायची आणि घरोघर विचारायचं. आमच्या धंद्यात घरातून बाहेर पडणं म्हणजे एक ट्रिप आणि परत येणं म्हणजे दुसरी. ऑफिसला गेलात, एक. आलात, दोन. कोथिंबीर विसरलात म्हणून परत खाली गेलात, तर आणखी दोन. पुस्तकात असंच आहे.

घरोघर विचारायला ऑफिसने एका बाईंना नेमलं होतं. मतदारयादी, डासांची फवारणी, गॅसची पाहणी, असं काय काय करून त्यांना पनवेलमधलं प्रत्येक दार पाठ झालेलं. कुठली बेल बिघडलेली आहे आणि कुठला कुत्रा नुसताच भुंकतो, हे त्यांना माहीत. आम्ही त्यांना सर्व्हेबाई म्हणायचो. बाई चोख. जो प्रश्न दिला तो तसाच विचारायचा आणि जे उत्तर मिळालं ते तसंच लिहायचं. प्रश्न साहेबांनी स्वतः मराठीत केला होता: 'आपल्या घरातून रोज किती ट्रिपा होतात?'

सुट्टीचा दिवस होता, मी घरीच. बाईंनी आमची बेल वाजवली. मी आत चहा टाकत होतो, म्हणून दार आईने उघडलं.

"आजी, तुमच्या घरातून रोज किती ट्रिपा होतात?"

"ट्रिपा?" आईचा आवाज जिन्यात घुमला. "रोज? कसल्या ट्रिपा गो बाय? याना मना कवा नेली ट्रिपला? लगीन झाला तवा याच्या बापाना जेजुरीला नेली व्हती, ती येकच. हा नुस्ता ऑफिस नि घर, ऑफिस नि घर."

"म्हणजे शून्य लिहू?"

"लिव. आन खाली त्याचा नाव पन लिव."

मी चहाचं भांडं तसंच ठेवून बाहेर धावलो. पण बाई तोवर समोरच्या दारात पोचल्या होत्या. तिथल्या वहिनी सांगत होत्या, की रोजच्या कसल्या, वर्षाला एक, यंदा अष्टविनायक झालं, तेही देव सगळे बघून व्हायच्या आत हे कंटाळले. खालच्या मजल्यावर एक गृहस्थ चिडले. म्हणाले, "आमच्या खर्चाची चौकशी करायला आलात का? दिवाळीत गोव्याला गेलो होतो, सगळं व्हाइटमध्ये." चौथ्या मजल्यावर तर नवराबायकोत तिथल्या तिथे भांडण लागलं, कारण नवरा दोन ट्रिपा म्हणाला आणि बायकोला एकच माहीत होती.

मी मधे पडलो. "बाई, ट्रिप म्हणजे नुसतं बाहेर जाणं हो. दूध आणायला गेलं तरी ट्रिप."

बाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "साहेब, दुधाला जाण्याला कोणी ट्रिप म्हणतं का? आणि कागदावर आहे तेच मी विचारणार."

सोमवारी साहेबांनी सगळे कागद चाळले आणि त्यांचा चेहरा उजळला. आमच्या सोसायटीतून रोज एकही माणूस बाहेर पडत नव्हता. शून्य, शून्य, शून्य, एका घरी चुकून एक, तोही पावाच्या बेकरीत कामाला असलेल्याच्या घरी, कारण तिथे टेम्पोच्या फेरीला ट्रिप म्हणतात. मी त्यांना शब्दाचा घोळ समजावून सांगितला. जेजुरी सांगितली, अष्टविनायक सांगितला, चौथ्या मजल्यावरचं भांडणही सांगितलं. साहेब पोट धरून हसले. हसून झाल्यावर म्हणाले, "पण लोकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय ना? आपण थोडंच बदलायचं?"

"साहेब, मी त्याच सोसायटीतून इथे आलोय. मी कसा आलो?"

"तू सर्व्हेत नाहीस," साहेब म्हणाले.

मला भयंकर राग आला. शेवटी भांडून भांडून मी एवढं पदरात पाडून घेतलं, की गल्लीत एक दिवस प्रत्यक्ष गाड्या मोजायच्या. साहेब कबूल झाले, कारण त्यांना ठाऊक होतं की गल्लीत दिवसभरात काही फारसं येत नाही. हेच माझंही दुखणं होतं. गल्ली आज रिकामी होती म्हणूनच आई ओलांडू शकत होती, आणि आज रिकामी होती म्हणूनच तिथे गेट येणार होतं.

त्या रात्री जेवताना मी हे सगळं घरात बोललो. बोलायला नको होतं असं नंतर वाटलं, आणि मग तेही वाटेनासं झालं. आईने विचारलं, "मोजतात म्हंजे कशा मोजतात?"

मी सांगितलं. सगळ्या गाड्या सारख्या मोजत नाहीत. कार म्हणजे एक. मोटरसायकल म्हणजे अर्धी. ट्रक म्हणजे तीन. आणि बैलगाडी, पुस्तकात अजून आहे, ती रस्ता अडवते म्हणून सहा-आठ कारींएवढी.

"आन मी?" आई म्हणाली.

"तुझं काही नाही. चालणाऱ्यांचा कागद वेगळा असतो. तो कुणी उघडत नाही."

"बैल मोजतात नि मना नाय?"

"नाही."

आई भात कालवत राहिली. बायको हसली, मीही हसलो. आई हसली नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मोजणीच्या दिवशी सर्व्हेबाई गल्लीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीत छत्री लावून बसल्या. मी पलीकडे खालाच्या ओट्यावर. सकाळचा पहिला भाग जरा जोरात गेला, ऑफिसवाले निघाले. मग शांतता व्हायला हवी होती. झाली नाही. पहिल्या मजल्यावरचे काका स्कूटरवरून गेले. थोड्या वेळाने हेल्मेट घालून परत गेले. मग हेल्मेटशिवाय. मग पाठीमागे काकू. मग काकू पुढे आणि काका पाठीमागे, आणि काकांच्या चेहऱ्यावर मरणाची भीती. भाजीचा टेम्पो नेहमी एकदा येतो, त्या दिवशी तो येत राहिला, आणि प्रत्येक वेळी आमच्या सोसायटीतल्या बायका उतरून एकेक लिंबू घेत होत्या. दोन रिक्षा गल्लीतून आत येत, वळत, बाहेर जात, परत येत. आतले प्रवासी तेच. ते आतून मला हात करत होते.

बाई निर्विकारपणे रेघा मारत होत्या. मी जवळ जाऊन कुजबुजलो, "बाई, हे तेच तेच आहेत."

"गाडी तीच असली तरी मोजायची असते. तुम्हीच शिकवलंत," बाई म्हणाल्या.

मी वर बघितलं. आई गॅलरीत उभी होती, कंबरेला पदर खोचून. गल्लीच्या दोन्ही टोकांना तिची नजर. कुणाला खूण करून सोड म्हणत होती, कुणाला थांब म्हणत होती. बाबा गेल्यापासून मी तिला इतकं जिवंत पाहिलं नव्हतं. खाली खाला ओट्यावर पाय पसरून बसली होती आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "बेटा, तुझी आई पत्त्यातपण असंच करते. एकच एक्का तीनदा उतरते. अल्ला देखता है, मैं देखती हूँ, तिला फरक पडत नाही."

आणि मग गल्लीत घुंगरं वाजली.

माझ्या मामाकडे शर्यतीचे बैल आहेत. मामाचा पोरगा ती जोडी गाडीला जुंपून आमच्या गल्लीत घेऊन आला होता. सहा-आठ कारींएवढी बैलगाडी, आईने पुस्तकातली गोष्ट नीट ऐकून ठेवलेली. शर्यतीच्या बैलांना हळू चालायची सवय नसते, ते नाकाने फुरफुरत आत शिरले. नेमक्या त्याच वेळी समोरून शेठची लांबलचक पांढरी गाडी आली. शेजारी आमचे साहेब. साहेब शेठला गल्ली किती मोकळी आहे हे दाखवायला घेऊन आले होते.

बैल थांबले. गाडी थांबली. गाडीच्या मागे एक रिक्षा येऊन चिकटली, तिच्यामागे भाजीचा टेम्पो. बैलगाडीच्या मागे काका-काकू. शेठच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. हॉर्न ऐकून एका बैलाने बॉनेटवर मान ठेवली आणि काचेतून आत बघितलं. शेठने काच वर घेतली.

"मागं घ्या ना बैल," साहेब ओरडले.

"बैल मागं नाय जात," मामाचा पोरगा म्हणाला. "पुढं जातात. ते पन लय जोरात. सोरू?"

"नको, नको!"

सगळी गल्ली खिडक्यांत आली. खालाने शेठसाठी चहा पाठवला आणि बैलांसाठी पाण्याची बादली. शेठने चहा घेतला नाही, बैलांनी बादली रिकामी केली. ऊन चढत गेलं. सर्व्हेबाईंनी थोडा वेळ थांबून मला विचारलं, की उभ्या असलेल्या बैलगाडीची रेघ एकदाच मारायची की परत परत. रिक्षा निघाली, टेम्पो निघाला, मग शेठची गाडी उलट्या गिअरमध्ये माथेरान रोडपर्यंत गेली, आणि जाता जाता तिच्या आरशाला खालाच्या घराच्या कुंपणाचा दगड लागला.

संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, नोकरी गेली.

"बैल कुणाचे?"

"मामाचे."

"आणि डोकं?"

"आईचं."

साहेबांनी खालून आलेली फरसाणाची पुडी सोडून माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "हे आकडे मी वापरणार नाही. बैलाची शपथ घेऊन अहवाल लिहिता येत नाही. पण ती शून्यं पण वापरणार नाही, शेठ स्वतः त्या गल्लीत अडकून आलाय. परत विचारा. नीट विचारा."

या वेळी प्रश्न मी लिहिला. 'काल तुमच्या घरातून कोण कोण बाहेर पडलं, आणि कशाने गेलं?' ट्रिप हा शब्द कुठेही नाही. लोक घडाघडा बोलले. शाळा, क्लास, स्टेशन, दूध, दळण, जिम, विमानतळाच्या कामावरची पाळी. साध्या दिवशी गल्लीत गाड्याही परत मोजल्या, आईला त्या दिवशी बायकोने घरात पत्ते खेळायला बसवून ठेवलं होतं. खरे आकडे बैलांशिवायसुद्धा पुरेसे निघाले. टॉवरच्या गाड्या त्या गल्लीत मावणार नव्हत्या. साहेबांनी शेवटचं वाक्य पहिल्यांदाच शेवटी लिहिलं. शेठनेही फार ओढून धरलं नाही. बैलाचा चेहरा काचेतून जवळून पाहिलेला असल्यामुळे, असं मला वाटतं.

गेट माथेरान रोडवर गेलं. दोन दुकानं गेली. मंजुरीच्या अटींचा मजकूर लिहायचं काम साहेबांनी माझ्याकडेच दिलं, आणि मी तो जीव ओतून लिहिला. बिल्डर लोक काय करतात मला माहीत होतं: आज लहान दार ठेवतात, उद्या ते रुंद करतात, परवा तिथून गाड्या निघतात. म्हणून मी लिहिलं, की गल्लीच्या बाजूला कोणतेही प्रवेशद्वार, वाहनांसाठी वा पादचाऱ्यांसाठी, लहान वा मोठे, आता किंवा भविष्यात ठेवू नये, आणि त्या बाजूची भिंत सलग असावी. मला त्या वाक्याचा इतका अभिमान वाटला की घरी येऊन मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिला शब्द कळले नाहीत. "म्हंजे मी जाऊ ना पलीकरं?" तिने विचारलं. जा, म्हटलं, आता कोणाची हिंमत आहे.

टॉवर उभा राहायला काळ गेला. धूळ, क्रेन, सळया, काँक्रीटच्या मिक्सरची घरघर, सगळं मोठ्या रस्त्याकडून. गल्लीत चिंचोक्यांचा खेळ चालू राहिला. गल्लीकडे टॉवरची पाठ आली, उंच, सलग, करड्या रंगाची. मी जाता-येता तिच्यावरून हात फिरवायचो.

मग एक दिवस खालाचा मुलगा आखातातून रजेवर आला आणि मिठाईचा डबा घेऊन आमच्याकडे वर आला. आनंदाने त्याला धड बसवत नव्हतं. त्याने त्याच टॉवरमध्ये फ्लॅट घेतला होता. सुरुवातीलाच बुक केलेला, अम्मीला सांगितलं नव्हतं, सरप्राइज. "अम्मीला आता एकपण पायरी नको. लिफ्ट आहे. खाली बाग आहे. ते कौलारू घर विकून टाकतोय, गळतं फार." आईने त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "बरा केलास पोरा. तिचे गुडगे लय दुखतात." मी मिठाईचा तुकडा हातात धरून गॅलरीत गेलो आणि समोरच्या सलग भिंतीकडे बघितलं.

खाला बाराव्या मजल्यावर राहायला गेली. आमच्या गॅलरीतून तिची खिडकी दिसते. तिथे पोचायचं म्हणजे आईला जिना उतरायचा, गल्ली संपवायची, मग माथेरान रोडच्या कडेने उघड्या गटाराशेजारून, मातीच्या डंपरांच्या अंगावर, वळसा घालून दुकानांच्या रांगेपर्यंत जायचं. तिथे गेट. गेटवर वॉचमन, तो हिंदीत विचारतो कोणाकडे, मग मोबाइलवर परवानगी, मग लिफ्ट. मी एका रविवारी तिला घेऊन गेलो. गटार चुकवायला रस्त्यावर उतरताना तिने हात वर केला. डंपर थांबला नाही. मी तिला मागे ओढलं, तर ती मला रागाने म्हणाली, की तूच मला ढकललंस.

मी टॉवरच्या कमिटीकडे गेलो. मागच्या भिंतीत एक लहानसं दार काढा म्हणून विनवलं. माणूस जाईल एवढंच, दिवसातून दोनदा उघडायचं, चावी आमच्याकडे ठेवा. सेक्रेटरी भला माणूस होता. त्याने कपाटातून मंजुरीचा कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "बघा ना, आमची इच्छा आहे हो. पण ज्याने कुणी हे लिहिलंय, त्याने फटसुद्धा ठेवलेली नाही."

"नीट लिहिलंय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आता रविवारी मी नेतो. इतर दिवशी फोन. फोनवर रमी खेळायचा प्रयोग दोघींनी करून बघितला. दोघी आपापले पत्ते सांगताना इतकं खोटं बोलल्या की एकाच डावात बदामचा राजा तीन वेळा निघाला, आणि भांडून तो बंद पडला. खालाचं घर कुणीतरी घेतलं, पण राहायला कोणी आलेलं नाही. गल्ली इतकी निवांत आहे की मी वर्षानुवर्षं ज्या गल्ल्यांचे अहवाल लिहिले, त्यांतली एकही अशी राहिलेली नाही. माझं ते एकमेव काम आहे जे सांगितलं तसं झालं.

काल दुपारी आई गॅलरीत बसली होती, त्याच जुन्या खुर्चीत. फोन कानाला होता, पलीकडून खाला बोलत होती. आईने फोन जरा बाजूला धरला आणि मला विचारलं, "तू मोठा साहेब हायस ना? मंग ता गेट परत इकरं आन."